जुनी आवृत्ती घ्यायची की नवी? आधी हे चेक करा

ग्रीक-रोमन युद्धांवरची चित्रांची पुस्तकं महाग असतात, त्यामुळे ऑनलाइन सेकंडहँड घेताना कव्हर बघून भुलू नका. उदाहरण म्हणून पीटर कॉनोली यांचं 'ग्रीस अँड रोम अॅट वॉर' बघा, पहिली आवृत्ती 1981 ची, आणि तेही 70 च्या दशकातली त्यांचीच तीन छोटी पुस्तकं एकत्र करून केलेलं, मग 1998 ला सुधारित आवृत्ती आली. विक्रेत्याकडून कॉपीराइटच्या पानाचा फोटो मागवा, त्यावर 'रिव्हाइज्ड' आहे की नुसतं 'रिप्रिंट' ते बघा, कारण कव्हर नवं आणि आतला मजकूर जुनाच असं सर्रास चालतं.

कोणत्याही पुस्तकासाठी माझी सोपी टेस्ट म्हणजे शेवटची सूची (इंडेक्स) उघडून 'काल्क्रीझ' शोधायचं. जर्मनीतली ही जागा 1987 मध्ये सापडली, इ.स. 9 मध्ये तीन रोमन लीजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) संपल्या ती लढाई बहुतेक अभ्यासक इथेच झाली असं मानतात. त्यानंतरचं म्हणवणाऱ्या रोमन सैन्यावरच्या पुस्तकात हे नावच नसेल तर अपडेट नावापुरतंच. ग्रीक आरमारासाठी 'ऑलिम्पियास' शोधा, त्रिरेमची (वल्ह्यांच्या तीन रांगा असलेल्या युद्धनौकेची) खऱ्या आकाराची प्रतिकृती, तीही 1987 चीच.

आणि हो, चित्रं! दोन पानांवर पसरलेलं मोठं चित्र दोन्ही आवृत्त्यांत शेजारी ठेवून बघा, जाड पेपरबॅकमध्ये मधला घोडेस्वार शिवणीत गडप होतो. फक्त चित्रांसाठीच घेत असाल तर मग जुनं हार्डकव्हर बिनधास्त घ्या.