सेकंडहँड फोर बाय फोर घेताना या चुका टाळा

थार म्हणजे फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, असणारच, हा समज आधी काढून टाका. जानेवारी 2023 पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. जाहिरातीतल्या फोटोवरून हा फरक चटकन कळत नाही. केबिनमध्ये गिअरशेजारी दुसरा छोटा दांडा आहे का, त्यावर लो रेंजची, म्हणजे अगदी कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरची, खूण आहे का, ते बघा. लो रेंज नसलेली गाडी सह्याद्रीतल्या दगडाळ चढावर अर्ध्या क्लचवर रेटावी लागते, आणि क्लच तिथेच जळतो.

ग्राउंड क्लिअरन्सच्या, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती वर आहे त्याच्या, आकड्यावरून गाडी ठरवू नका. थारचा 226 मिमी, जिम्नीचा 210. पण बांध ओलांडताना पोट टेकतं ते व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, लांब असल्यामुळे: तीन दारांच्या थारचा 2,450 मिमी, आपल्याकडच्या पाच दारांच्या जिम्नीचा 2,590. आणि लिफ्ट किट लावून बॉडी वर जाते, मागच्या सलग अ‍ॅक्सलचा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा गोळा) मात्र आहे तिथेच राहतो. तो उचलायचा तर टायरच मोठे लागतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे गाडी खालून न बघणं. डिफरन्शियलचा ऑइल भरायचा बोल्ट मेकॅनिककडून उघडून घ्या आणि आत बोट घाला. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं तर पाणी शिरलंय. नदीतून गाडी नेली की तापलेलं हाऊसिंग एकदम थंड होतं आणि ब्रीदरची (आतली हवा जाण्या-येण्याची) नळी तुटलेली असेल तर त्या वाटेने पाणी आत ओढलं जातं. असं ऑइल राहिलं की बेअरिंग आणि क्राउन गिअर खराब होतात. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्स्फर केसचंही ऑइल असंच तपासा. कोकणात, किनाऱ्यालगत फिरलेल्या गाडीची चेसी गंजलीय का, ते स्क्रूड्रायव्हरने ठोकून बघा. खालून नुकताच काळा रंग मारलेला दिसला तर मी सरळ पुढची गाडी बघायला जाईन.

चाचणी डांबरावर घेऊ नका. थार, जिम्नी, जिप्सी यांच्या पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांमधला डिफरन्शियल नसतो. त्यामुळे कोरड्या डांबरावर फोर-एच (फोर बाय फोरची हाय रेंज) टाकून वळलात की स्टिअरिंग जड होतं, गाडी अडखळते. हा बिघाड नव्हे, पण तशीच चालवत राहिलात तर बिघाड होईल. मागची चाकं चिखलात ठेवा, फोर-एल (लो रेंज) टाका, हलका अ‍ॅक्सिलरेटर द्या आणि पुढची चाकं ओढतात का ते मित्राला बाहेर उभं राहून बघू द्या. फोर-एल पडतच नसेल तर गाडी पूर्ण थांबवा, न्यूट्रल करा, जरा पुढे-मागे सरकवून पुन्हा टाका. तरीही पडला नाही तर सौदा थांबवा.

चारही टायर एकाच मापाचे, सारखेच झिजलेले हवेत. स्टेपनीही त्याच मापाची. पुढच्या-मागच्या टायरच्या घेरात फरक असेल तर फोर बाय फोरमध्ये तो सगळा ताण ट्रान्स्फर केसवर येतो.

जिप्सीचं उत्पादन बंद झालंय, तेव्हा चाकांच्या हबचे आणि ट्रान्स्फर केसचे पार्ट कुठे मिळतात हे पैसे देण्याआधी विचारून घ्या.