पासवर्ड फाइल दुसऱ्या मशीनवर नेताना या चुका टाळा

एका लिनक्स सर्व्हरवरची खाती बाकीच्या सर्व्हरवर हवी असली की नवशिके ईटीसी या सेटिंग्जच्या डिरेक्टरीमधली पासवर्ड फाइल, म्हणजे खात्यांची यादी, उचलतात आणि जशीच्या तशी सगळीकडे टाकतात. असं कधीही करू नका. त्या फाइलमध्ये माणसांबरोबर सर्व्हिसचीही (मागे चालणाऱ्या प्रोग्रॅमची) खाती असतात आणि त्यांचे यूआयडी, म्हणजे खाते क्रमांक, पॅकेज कुठल्या क्रमाने बसवली त्यावर ठरतात. त्यामुळे ते मशीनगणिक वेगळे असू शकतात.

एका ठिकाणी याच घाईने डेटाबेस झोपला होता. मूळ मशीनवर पोस्टग्रेस या डेटाबेसचा यूआयडी ११२, दुसऱ्यावर ११७. फाइल टाकली तेव्हा कुणाला काहीच जाणवलं नाही, कारण चालू प्रोसेस जुनाच आकडा धरून असते. पुढे मशीन रीस्टार्ट झालं आणि पोस्टग्रेस उठेना. डेटा डिरेक्टरीचा मालक (तो आकड्यानेच नोंदलेला असतो) चुकीचा असल्याची तक्रार. तिथल्या मुलाने लॉग नीट न वाचता थेट व्हार-लिबवर, म्हणजे सगळ्या सर्व्हिसचा डेटा असतो त्या डिरेक्टरीवर, आतल्या सगळ्या फाइलींचा मालक बदलणारा रिकर्सिव्ह चोन चालवला. आता धडधाकट सर्व्हिसच्या फाइलींचेही मालक बदलले! आधी फाइलींची यादी दाखवणाऱ्या एलएस कमांडला एन जोडून मालकांच्या नावांऐवजी आकडे बघितले असते, तर ११७ तिथेच दिसला असता आणि जुनी फाइल परत ठेवून काम भागलं असतं.

मी फक्त १००० आणि त्यापुढच्या यूआयडीच्या, म्हणजे माणसांच्या खात्यांच्या ओळी वेगळ्या काढतो, ६५५३४ या आकड्याचं नोबडी हे सिस्टिमचं खातं वगळतो आणि तोच आकडा समोरच्या मशीनवर दुसऱ्या कुणाकडे नाही ना, हे बघूनच त्या जोडतो. रेड हॅट ६ सारख्या जुन्या मशीनवर ही हद्द ५०० असते. ही हद्द लिहिलेली लॉगिन-डेफ्स फाइल उघडून खात्री करा. ग्रुपच्या क्रमांकांना, म्हणजे जीआयडींनाही हेच लागू.

दुसरी खोड म्हणजे चालू फाइलवर थेट एससीपी (नेटवर्कवरून फाइल कॉपी करणारी कमांड). ते जुन्या फाइलवरच लिहीत जातं; मध्येच नेटवर्क तुटलं तर अर्धी फाइल उरते आणि उरलेल्यांचं लॉगिन बंद. नवी फाइल ईटीसीमध्येच वेगळ्या नावाने ठेवा, मालक आणि परवानग्या लावा, पासवर्ड आणि ग्रुप फाइलींतल्या चुका शोधणाऱ्या पीडब्ल्यूसीके आणि जीआरपीसीके या कमांड रीड-ओन्ली चालवून तपासा, मगच नाव बदलणाऱ्या एमव्ही कमांडने जागेवर आणा. एकाच फाइलसिस्टिमवर नाव बदलणं एका फटक्यात होतं. हा वेळ वाचवायचा नसतो.

पासवर्डचे हॅश (सांकेतिक रूप) असलेली शॅडो फाइल सगळ्यांना वाचता येईल अशी टेम्प या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत ठेवू नका. ईमेलने तर मुळीच पाठवू नका.

एसईलिनक्स ही जादा सुरक्षा चालू असेल तर शेवटी नव्या फाइलींवर तिची लेबलं नीट लावणारी रिस्टोअरकॉन कमांड चालवा.

नव्या मशीनवरचे येसक्रिप्ट पद्धतीचे हॅश जुन्या डिस्ट्रोला (लिनक्सच्या आवृत्तीला) कळत नाहीत. पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन होत नाही, ते यामुळे.

विंडोजवर एडिट केलेली फाइल नकोच. ओळीच्या शेवटी चिकटलेल्या अदृश्य अक्षरामुळे शेल (लॉगिननंतर चालणारा प्रोग्रॅम) सापडत नाही.

हे सगळं करताना रूट या सर्वाधिकारी खात्याचं एक सेशन उघडं ठेवा. दुसऱ्या टर्मिनलमधून नवं लॉगिन आणि रूटचे अधिकार देणारी सुडू कमांड दोन्ही चालल्याशिवाय ते बंद करू नका.