जायबंदी खेळाडूचा करार आणि सॅलरी कॅपची वही

पुण्यात बी.कॉम. करून अमेरिकेत क्रीडा-व्यवस्थापन शिकायला आलो, तेव्हा अमेरिकन फुटबॉलमधील वेतनमर्यादा, म्हणजे एका वर्षात क्लबच्या हिशेबात धरता येणाऱ्या एकूण खेळाडू-वेतनाची सॅलरी कॅप, हा विषय आपल्याला सोपा जाईल असे मी धरून चाललो होतो. पहिल्याच स्वाध्यायात जायबंदी यादीत गेलेल्या खेळाडूचे वेतन मी कॅपमधून वजा केले आणि तो कागद लाल रेघेसह परत आला. खेळाडू मैदानात उतरो वा न उतरो, त्याचे वेतन कॅपमध्ये धरलेच जाते. जागा मोकळी करायची, तर करारालाच हात घालावा लागतो.

हे समजून घेण्यासाठी क्लीव्हलँड ब्राउन्स या क्लबचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारा खेळाडू, डेशॉन वॉटसन याचा करार वहीत मांडून पाहावा. 2022 मधील हा पाच वर्षांचा, 23 कोटी डॉलरचा करार संपूर्ण हमीचा होता, त्यामुळे खेळाडूला सोडून सुटका होणे शक्य नव्हते. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याच्या टाचेमागचा अकिलीस टेंडन तुटला आणि तो पुन्हा तुटल्याचे जानेवारी 2025 मध्ये जाहीर झाले. मार्चमध्ये क्लबने त्याचे 4 कोटी 60 लाखांचे मूळ वेतन 12 लाख 55 हजारांच्या किमान पातळीवर आणले आणि उरलेल्या 4 कोटी 47 लाख 45 हजारांचे साइनिंग बोनसमध्ये, म्हणजे करारापोटी वेतनाव्यतिरिक्त द्यायच्या रकमेत, रूपांतर केले. यात खेळाडूचा एक डॉलरही बुडत नाही. मात्र बोनसचा भार कॅपच्या हिशेबात जास्तीत जास्त पाच वर्षांवर समान वाटता येतो. हप्ता पडला 89 लाख 49 हजारांचा आणि 2025 साठी मोकळे झाले 3 कोटी 57 लाख 96 हजार. आता पुढच्या चार हप्त्यांची बेरीज करा: नेमका तोच आकडा येतो. वृत्तपत्रे याला ‘बचत’ म्हणतात. वाणिज्य शाखेच्या माणसाला ती उधारीच दिसते.

ही उधारी बिनव्याजी आहे, शिवाय कॅप 2024 मधील 25 कोटी 54 लाखांवरून 2025 मध्ये 27 कोटी 92 लाखांवर गेली. म्हणून क्लबांना ती परवडते. पण मूळ करार 2026 च्या हंगामापर्यंतचा आणि हप्ते 2029 पर्यंतचे आहेत. मधली कागदोपत्री वर्षे, ज्यांना व्हॉइड वर्षे म्हणतात, करार न वाढवता गळून पडली, तर शेवटचे तीन हप्ते, म्हणजे 2 कोटी 68 लाख 47 हजार, 2027 च्या कॅपवर एकदम येतात. संघात नसलेल्या खेळाडूपायी अडकलेली ही रक्कम म्हणजे डेड मनी.

नवख्यांनी वेतनाआधी हमीचा रकाना वाचावा, असे मी आग्रहाने सांगेन. काही हमी केवळ दुखापतीपुरती असते. लास वेगास रेडर्स या क्लबने 2022 च्या हंगामातील शेवटच्या दोन सामन्यांत आपला क्वार्टरबॅक डेरेक कार याला खेळवले नाही, कारण तेथे त्याला गंभीर दुखापत झाली असती, तर पुढचे सुमारे 4 कोटी डॉलर क्लबच्या गळ्यात पडले असते.