अमेरिकेतील बंदुकीच्या वादाची बातमी कशी वाचावी

अमेरिकेत एखाद्या शाळेत किंवा बाजारात गोळीबार होतो आणि ‘बंदूकबंदीची मागणी पुन्हा ऐरणीवर’ अशा धाटणीचा मथळा आपल्यापर्यंत येऊन पोहोचतो. हा मथळा वाचकाला पहिल्याच पावलाला भलत्या वाटेवर नेतो, कारण सरसकट बंदूकबंदी हा तिथल्या दोन्ही मोठ्या पक्षांपैकी एकाचाही कार्यक्रम नाही. प्रत्यक्षात भांडण असते ते चार गोष्टींवर: बंदूक कोणाला मिळावी, कोणत्या प्रकारची मिळावी, ती घेऊन कुठे वावरता यावे, आणि विकताना काय तपासले जावे. बातमी हाती आली की ती या चारांपैकी नेमकी कशाविषयी आहे हे आधी ठरवावे. एवढे केले तरी निम्मा गोंधळ ओसरतो.

त्याआधी आपल्या डोक्यातला भारतीय साचा थोडा बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली बंदूक ही परवान्याने मिळणारी सवलत आहे आणि ती का हवी हे अर्जदाराने सरकारला पटवून द्यायचे असते. अमेरिकेत सुरुवात दुसऱ्या टोकाकडून होते. १७९१ मध्ये मंजूर झालेली दुसरी घटनादुरुस्ती हे एकच वाक्य आहे. त्याच्या पूर्वार्धात स्वतंत्र राज्याच्या सुरक्षिततेसाठी सुनियंत्रित नागरी सेना आवश्यक असल्याचे म्हटले आहे, तर उत्तरार्धात शस्त्रे बाळगण्याचा लोकांचा हक्क हिरावला जाणार नाही असे बजावले आहे. पूर्वार्धावर भर द्यायचा की उत्तरार्धावर, यावर वकील आणि इतिहासकार पिढ्यानपिढ्या झगडत आले. १९३९ च्या मिलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नळी कापून आखूड केलेल्या शॉटगनचा विचार नागरी सेनेच्या संदर्भातच केला होता. २००८ च्या हेलर खटल्यात मात्र पाच विरुद्ध चार मतांनी वॉशिंग्टन शहरातील पिस्तूलबंदी रद्द झाली आणि स्वसंरक्षणासाठी घरात शस्त्र ठेवणे हा व्यक्तीचा हक्क ठरला. २०१० मध्ये मॅकडोनाल्ड खटल्याने हाच नियम राज्यांनाही लागू केला.

हेलरचा उल्लेख आला की त्याचा दुसरा भागही आठवावा, कारण दोन्ही बाजूंचे वक्ते तो सोयीनुसार गाळतात. बहुमताचा निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी त्याच निकालपत्रात हा हक्क अमर्याद नसल्याचे लिहिले आहे. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांना बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींत मनाई, विक्रीवर अटी, या गोष्टींना त्यांनी धक्का लावलेला नाही. त्यामुळे ‘घटनेनुसार कोणतेही नियंत्रण चालत नाही’ असे सांगणारा आणि ‘न्यायालयाने बंदुका मोकाट सोडल्या’ असे सांगणारा, दोघांनीही निकाल पुरता वाचलेला नसतो.

आजच्या न्यायालयीन बातम्यांची किल्ली मात्र २०२२ च्या ब्रुएन निकालात आहे, म्हणून तो समजून घेण्यात थोडा वेळ घालवावा. सार्वजनिक ठिकाणी लपवून पिस्तूल बाळगण्याच्या परवान्यासाठी न्यूयॉर्क राज्य ‘योग्य कारण’ मागत असे. ती अट सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द झाली. त्याहून महत्त्वाची होती न्यायमूर्ती थॉमस यांनी घालून दिलेली कसोटी. कायद्याने किती जीव वाचतील हे तोलून पाहायचे नाही, तर असा निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसतो का एवढेच पाहायचे. परिणामी एकविसाव्या शतकातील कायद्याचे समर्थन करणाऱ्या सरकारी वकिलांना अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातील कायद्यांची बाडे चाळावी लागू लागली, आणि कनिष्ठ न्यायालयांचे निकाल एकमेकांना छेद देऊ लागले. २०२४ मध्ये रहिमी खटल्यात आठ विरुद्ध एक मतांनी न्यायालयाने स्पष्ट केले की हुबेहूब जुना कायदा सापडण्याची गरज नाही, त्यामागचे तत्त्व जुळले तरी पुरे. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात न्यायालयाचा मनाई आदेश असलेल्यांना शस्त्रबंदी करणारा कायदा त्यामुळे टिकला. विरोधातले एकमेव मत थॉमस यांचे होते, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. मात्र घटनात्मक हक्काशी संबंध नसलेले खटलेही याच बातम्यांत मिसळतात. २०२४ मध्येच बंप स्टॉकवरील, म्हणजे साध्या रायफलीतून मशीनगनसारख्या भराभर गोळ्या झाडू देणाऱ्या जोडउपकरणावरील, बंदी रद्द झाली ती दुसऱ्या दुरुस्तीमुळे नव्हे. मशीनगनच्या कायदेशीर व्याख्येत ते उपकरण बसत नाही, असे बहुमताला वाटले. म्हणजे संसदेने कायदा केला तर तशी बंदी पुन्हा येऊ शकते. निकालाची बातमी वाचताना प्रश्न घटनेचा होता की केवळ कायद्यातील शब्दांचा, हे शोधावे.

यानंतर पातळी तपासावी. ‘अमेरिकेत आता असा नियम’ असे वाक्य दिसले की तो संघराज्याचा आहे की एखाद्या राज्याचा, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये. संघराज्याचे मोठे कायदे बोटांवर मोजण्याइतके आहेत. १९३४ च्या कायद्याने मशीनगनवर जबर कर आणि नोंदणी लादली. मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये टपालाने बंदुका मागवणे बंद झाले. १९९३ च्या ब्रेडी कायद्याने परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी करताना ग्राहकाची पार्श्वभूमी तपासणे सक्तीचे केले. १९९४ साली काही अर्धस्वयंचलित शस्त्रांवर आलेली बंदी दहा वर्षांनी मुदत संपताच गेली. २०२२ मध्ये टेक्सासमधील युवाल्डी येथील शाळेत १९ मुले आणि २ शिक्षिका मारल्या गेल्यानंतर एकवीस वर्षांखालील ग्राहकांची तपासणी कडक करणारा द्विपक्षीय कायदा झाला. बाकी सारे राज्यांच्या हाती आहे, आणि राज्ये परस्परविरुद्ध दिशांना चालली आहेत. कॅलिफोर्निया निर्बंध वाढवते, तर टेक्साससह निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्याविना पिस्तूल घेऊन फिरता येते. पक्षावरूनही नेहमी अंदाज बांधता येत नाही. पार्कलंडच्या शाळेतील २०१८ च्या हत्याकांडानंतर फ्लोरिडाच्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी बंदूकखरेदीचे किमान वय एकवीस करणाऱ्या कायद्यावर सही केली होती.

‘बहुसंख्य लोकांना हवे असूनही कायदा का होत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक लेखात येतो आणि त्याचे ठरावीक उत्तर असते: नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकमालकांच्या संघटनेचा पैसा. हे उत्तर आळशी आहे. १८७१ मध्ये नेमबाजी सुधारण्यासाठी निघालेली ही संस्था १९७७ च्या सिनसिनाटी अधिवेशनात कट्टर गटाच्या हाती गेली आणि पुढे तिचा दबदबा प्रचंड वाढला हे खरे. पण गेल्या काही वर्षांत अंतर्गत गैरव्यवहारांच्या खटल्यांनी ती खिळखिळी झाली, तिचे दीर्घकाळचे प्रमुख वेन लापिएर २०२४ मध्ये पायउतार झाले, तरी सिनेटमधली, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहातली, कोंडी जशीच्या तशी राहिली. खरी अडचण रचनेत आहे. सिनेटमध्ये सर्वांत कमी लोकसंख्येचे वायोमिंग आणि सर्वाधिक लोकसंख्येचे कॅलिफोर्निया या दोघांनाही दोनच जागा आहेत, आणि चर्चा थांबवून विधेयक मतदानाला आणण्यासाठी शंभरपैकी साठ मते लागतात. सँडी हूकच्या शाळेत २० मुले आणि ६ कर्मचारी मारले गेल्यानंतर, एप्रिल २०१३ मध्ये, बंदुकांच्या मेळ्यांतील आणि इंटरनेटवरील विक्रीला तपासणी लागू करणारा प्रस्ताव ५४ मते मिळूनही पडला.

जनमत चाचण्याही जपून वाचाव्यात. सर्व विक्रीसाठी पार्श्वभूमी तपासणी हवी का, असे विचारले की दहापैकी आठांहून अधिक लोक होकार देतात. मात्र २०१६ मध्ये हाच विषय प्रत्यक्ष मतपत्रिकेवर आला तेव्हा नेवाडा राज्यात तो जेमतेम एका टक्क्याहूनही कमी आघाडीने तरला आणि मेन राज्यात चक्क पडला. तत्त्वाला होकार देणारा माणूस कायद्याचा मसुदा आणि विरोधकांचा प्रचार समोर आल्यावर वेगळे मत देऊ शकतो. शिवाय बंदुकीच्या एकाच मुद्द्यावर मत ठरवणारे लोक हक्कवाद्यांच्या, म्हणजे बंदूक बाळगण्याच्या हक्काच्या समर्थकांच्या, बाजूला परंपरेने अधिक राहिले आहेत.

आता आकडे. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० मृत्यू झाले. त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या आणि २०,९५८ खून. म्हणजे निम्म्याहून अधिक मृत्यू अशा घटनांचे आहेत ज्यांच्यासाठी कोणतीही वाहिनी थेट प्रक्षेपण करत नाही. सामूहिक गोळीबार हा या एकूण संख्येचा अगदी लहान हिस्सा आहे, पण वादाचा जवळजवळ सगळा वेळ तोच खातो. लेखात ‘बंदूकहिंसेचे बळी’ असा आकडा दिसला तर त्यात आत्महत्या धरल्या आहेत का, हे बघावे. नियंत्रणवादी बहुधा धरतात, हक्कवादी वगळतात, आणि दोघेही ते ठळकपणे सांगत नाहीत.

‘सामूहिक गोळीबार’ कशाला म्हणायचे यावरही एकमत नाही. गन व्हायोलन्स अर्काइव्ह ही संस्था हल्लेखोर सोडून चार किंवा अधिक जणांना गोळी लागली की घटना मोजते, मग कोणी मेले असो वा नसो. त्यामुळे २०२२ साठी तिची संख्या सहाशेच्या वर जाते. मदर जोन्स हे नियतकालिक सार्वजनिक ठिकाणी तीन किंवा अधिक मृत्यू झालेलेच हल्ले धरते आणि टोळीयुद्ध वगळते, म्हणून त्याच वर्षासाठी तिथे डझनभर घटनाच दिसतात. दोन्ही मोजण्या प्रामाणिक आहेत. अप्रामाणिकपणा होतो तो पहिलीचा आकडा आणि दुसरीचे चित्र एकत्र आणले जाते तेव्हा.

हक्कवाद्यांच्या आवडत्या आकड्यालाही हीच चाळणी लावावी. अमेरिकी लोक दरवर्षी पंचवीस लाख वेळा बंदुकीने स्वतःचा बचाव करतात, हा दावा गॅरी क्लेक आणि मार्क गर्ट्झ यांच्या १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दूरध्वनी-पाहणीतून आला. सुमारे पाच हजार लोकांतील मोजक्या होकारांना साऱ्या देशाच्या लोकसंख्येने गुणले, की थोडी चूकही लाखांत जाते. गुन्ह्यांच्या बळींची सरकारी पाहणी आधी ‘तुमच्यावर गुन्हा घडला का’ असे विचारते आणि होकार देणाऱ्यांनाच पुढचा प्रश्न करते. तिचा अंदाज लाखाच्या आसपास किंवा त्याखाली राहतो. ही पद्धत कमी मोजत असेल अशीही शक्यता आहे. पण पंचवीस पटींचा फरक असताना एकच बाजू छातीठोकपणे सांगणाऱ्या लेखावर विश्वास ठेवू नये.

शस्त्रांच्या नावांत वार्ताहर वारंवार घसरतात आणि मग बंदुकीची माहिती असलेला वाचक पुढचे काहीच ऐकून घेत नाही. एआर-१५ ही अर्धस्वयंचलित रायफल आहे: चाप एकदा ओढला की एक गोळी. चाप दाबून धरताच गोळ्यांचा वर्षाव करणारी नवी मशीनगन सामान्य नागरिकाला १९८६ पासून विकत घेता येत नाही. १९९४ च्या कायद्याने बंदी घातली होती ती बऱ्याच अंशी बाह्य वैशिष्ट्यांवर, म्हणजे पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता, संगीन लावण्याची सोय अशांवर, आणि उत्पादकांनी त्यांतली काही काढून तशाच बंदुका विकल्या. एवढे करून बहुतेक खून होतात ते पिस्तुलांनी. पिस्तूल हेच हेलरने सर्वाधिक संरक्षण दिलेले शस्त्र असल्याने राजकारणी त्याच्याबद्दल फारसे बोलत नाहीत.

लेख कोणी पुरवलेल्या माहितीवर उभा आहे, हेही पाहावे. नॅशनल शूटिंग स्पोर्ट्स फाउंडेशन ही उद्योगाची संघटना आहे. एव्हरीटाउन ही न्यूयॉर्कचे माजी महापौर व अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांच्या पाठबळावरची नियंत्रणवादी संघटना आहे. तुलनेने तटस्थ आढावा हवा असेल तर रँड या संशोधन संस्थेने केलेले संशोधनांचे मूल्यमापन पाहावे, कारण ते बहुतेक उपायांबद्दल पुरावा अपुरा असल्याचे मोकळेपणाने सांगते. पुरावा अपुरा असण्याचे एक कारण राजकीय आहे. सरकारी निधी बंदूकनियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरू नये असे सांगणाऱ्या १९९६ च्या डिकी तरतुदीनंतर रोगनियंत्रण केंद्र (सीडीसी) या सरकारी आरोग्यसंस्थेने या विषयावरील संशोधनातून जवळजवळ अंग काढून घेतले, आणि संसदेने त्यासाठी पुन्हा स्वतंत्र निधी दिला तो २०१९ च्या अखेरीस.

ज्यांची मुले किंवा भावंडे तिकडे राहतात त्यांच्यासाठी दोन गोष्टी राष्ट्रीय वादापेक्षा अधिक कामाच्या आहेत. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक विकत घेता किंवा बाळगता येत नाही; वैध शिकार-परवाना असण्यासारखे मोजके अपवाद आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही आडकाठी नाही. त्यामुळे एखाद्या राज्यात ‘परवान्याची गरज उरली नाही’ अशी बातमी आली तरी व्हिसावरील मराठी अभियंत्याच्या स्थितीत काही फरक पडत नाही. दुसरी गोष्ट घरातल्या साठवणुकीची. मुलांच्या हाती बंदूक लागू नये म्हणून मालकावर जबाबदारी टाकणाऱ्या कायद्यांमुळे तरुणांच्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात, हा रँडच्या आढाव्यातील सर्वांत भक्कम निष्कर्षांपैकी एक आहे, पण असे कायदे सर्व राज्यांत नाहीत. आपल्या माणसाच्या राज्यात तो आहे का, हे जरूर पाहावे. आणि नातवंडे शेजारच्या घरी खेळायला जाणार असतील, तर त्या घरात बंदूक आहे का आणि असल्यास ती कुलूपबंद व रिकामी ठेवली जाते का, असे त्यांच्या आईवडिलांनी आधी विचारायला संकोच करू नये. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ स्वतःच पालकांना हा प्रश्न विचारायला सांगतात.