केबल काढून फ्री डिश लावताना

केबल बंद करून फ्री डिश, म्हणजे छपरावर डिश लावून उपग्रहावरून फुकट दिसणारा टीव्ही, घेण्याआधी आठवडाभर एक काम करा. घरात टीव्हीवर खरोखर काय बघितलं जातं ते कागदावर लिहीत जा. आमच्याकडे कऱ्हाडला मी ही यादी केली, तर ती अर्ध्या पानावर संपली. मामंजींना सह्याद्रीच्या सातच्या बातम्या आणि शेतीचे कार्यक्रम. सासूबाईंना दुपारी जुना सिनेमा, कुठलाही, रंगीत नसला तरी चालेल. पुतण्याला क्रिकेट. मी स्वतः बातम्या सोडल्या तर टीव्हीकडे पाठ करून भाजी निवडते. पैसे भरत होतो ढीगभर वाहिन्यांचे आणि रिमोट फिरत होता पाच-सहा नंबरांवर.

तुमच्या यादीत झी मराठी किंवा स्टार प्रवाहवरची रोजची मालिका असेल, तर घाई करू नका. त्या पैसे भरून बघायच्या वाहिन्या, फ्री डिशवर येत नाहीत. रात्री ठरलेली मालिका लागली नाही की घरात जे वातावरण होतं, ते दोन-तीनशे रुपये वाचल्याने निवळत नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे. २०१९ पासून ट्राय या सरकारी दूरसंचार नियामकाच्या नियमाप्रमाणे केबलच्या बिलाचे दोन भाग झाले: नेटवर्कचं भाडं आणि वाहिन्यांचे पैसे. भाड्यावर १३० रुपयांची मर्यादा होती, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे. एकही पैशांची वाहिनी घेतली नाही तरी हे द्यायचेच. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ती मर्यादाही उठवली. फ्री डिशला डिश, बॉक्स आणि वायर मिळून साधारण दीड ते अडीच हजार एकदाच लागतात. पुढे रिचार्ज नाही.

माळ्यावरचा जुना काठीचा अँटेना पुन्हा चढवला तर, असं हमखास कुणीतरी विचारतं. उपयोग नाही. दूरदर्शनचं जमिनीवरून होणारं ॲनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत जवळजवळ सगळीकडे बंद झालं. मुंबईसारख्या मोजक्या शहरांत २०१६ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झालं, पण त्याला वेगळा ट्यूनर लागतो. आपल्यासारख्या तालुक्याच्या गावी फुकटचा टीव्ही येतो तो उपग्रहावरून. फ्री डिश ही प्रसार भारतीची, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेची सेवा, डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली. खासगी वाहिन्या तिथे लिलावात बोली लावून जागा घेतात. खिसा त्यांचा हलका होतो, आपला नाही.

क्रिकेटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आमच्या घरात निर्णय तिथेच झाला. भारताचा सामना चालू असताना केबलवर डीडी स्पोर्ट्स लावलं की भलतंच काहीतरी दिसतं, हा अनुभव बऱ्याच जणांना असेल. त्यात केबलवाल्याची लबाडी नसते. २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं चित्रण खासगी वाहिनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं. पण ते दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. म्हणून भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-ट्वेंटी सामने फुकट डिशवर दिसतात आणि पैसे भरलेल्या केबलवर त्याच डीडी स्पोर्ट्सवर दिसत नाहीत. आयपीएल यात येत नाही, हे पोरांना आधीच सांगून ठेवा.

सामान घेताना बॉक्स एमपेग-४ चाच घ्या, म्हणजे चित्र पाठवायची नवी पद्धत ओळखणारा. जुना एमपेग-२ बॉक्स स्वस्तात मिळतो, पण सगळ्या वाहिन्या त्यावर उघडत नाहीत. तुमच्या टीव्हीत सॅटेलाइट ट्यूनर आतच असेल तर बॉक्सही नको, डिशची वायर थेट टीव्हीला लागते. त्यासाठी टीव्हीच्या मागे आटे असलेली सॅटेलाइटची खाच आहे का बघा आणि सेटिंगमध्ये सॅटेलाइट हा पर्याय आहे का तपासा. घरावर आधीच्या डीटीएचची गंजलेली नसलेली डिश पडून असेल तर तीच वापरा, फक्त तिचं तोंड फिरवायचं. पाऊस बेताचा असेल तर ६० सेंटिमीटरची पुरते. कोकणात किंवा आमच्या इकडे पाटण, कोयनेच्या बाजूला राहत असाल तर ७५ किंवा ९० ची घ्या. जोराच्या सरीत चित्र चौकोनी फुटतं आणि जातं. मोठ्या डिशवर ते उशिरा जातं, इतकाच फरक, पण चार महिने पावसाचे असले की तो जाणवतो.

जागा निवडताना आग्नेय दिशा मोकळी हवी. फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते, तो ९३.५ अंश पूर्वेला आहे. पश्चिम महाराष्ट्रातून बघितलं तर साधारण पूर्व आणि दक्षिणेच्या मधोमध, विदर्भातून जरा दक्षिणेकडे. क्षितिजापासून उंची साठ अंशांच्या आसपास, म्हणजे बराच वर, त्यामुळे समोरच्या दुमजली घराची सहसा अडचण होत नाही. अडचण होते ती नारळाची, आंब्याची आणि शेजारच्या पाण्याच्या टाकीची. खात्री करायची असेल तर मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकरा-सव्वाअकराला गच्चीवर जा. त्या दिवसांत त्या वेळी सूर्य जवळजवळ उपग्रहाच्याच जागी असतो. जिथे ऊन पडतं तिथे सिग्नल पडणार, सावली पडते तिथे नाही. (त्याच दिवसांत काही मिनिटं चित्र बिघडतं. सूर्य मागे आल्यामुळे होतं ते, डिशला हात लावू नका.) एरवी मोबाइलमधलं होकायंत्र पुरेसं आहे, पण लोखंडी स्टँडपासून चार पावलं लांब उभं राहून बघा.

स्टँड कठड्याच्या पातळ भिंतीवर नको, पक्क्या स्लॅबवर किंवा बीममध्ये फास्टनर मारून बसवा. खांब ओळंब्यात उभा हवा. तो कलला तर पुढचं सगळं गणित चुकतं.

डिश बसवली की ती फारच खाली बघतेय असं वाटेल. वाटू दे. ही ऑफसेट डिश असते, एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, खालच्या दांडीवर असतो, त्यामुळे तिचं खरं तोंड दिसतं त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर असतं. स्टँडवर अंशांच्या खुणा असतील तर साठावर ठेवून नट अर्धवट आवळा, हाताने दाबल्यावर हलेल इतके.

बॉक्स बंद असतानाच वायर जोडा. पिन लावताना वरच्या जाळीची एकही तार मधल्या तांब्याला टेकता कामा नये, नाहीतर शॉर्ट होतो. मग बॉक्स चालू करून यादीतून जीसॅट-१५ किंवा ९३.५ पूर्व निवडा, एलएनबी युनिव्हर्सल, म्हणजे ९७५०/१०६००. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील. स्ट्रेंथची पट्टी नुसती वायर नीट जोडली तरी वर जाते, तिच्यावर भुलू नका. बघायची ती क्वालिटीची.

आता एकजण वर, एकजण टीव्हीपुढे, कानाला फोन. पाना घेऊन गच्चीवर मी होते, खाली पुतण्या.

"क्वालिटी किती?"

"शून्य, काकू."

"आता?"

"शून्यच. थांबा, आला! वीस... चाळीस... गेला. मागे घ्या, जरासंच."

हे "जरासंच" किती, ते समजून घ्या. ६० सेंटिमीटरच्या डिशची कडा एक सेंटिमीटर सरकली की दिशा जवळजवळ दोन अंशांनी बदलते, आणि शेजारी दीड अंशावर, ९५ पूर्वेला, दुसऱ्या सेवेचा उपग्रह आहे. म्हणून डिश ढकलायची नाही, नखाएवढी सरकवायची आणि दोन-तीन सेकंद थांबायचं, कारण पट्टी उशिरा हलते. आधी उंची तशीच ठेवून डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवा. काही लागलं नाही तर उंची थोडी बदलून पुन्हा तसंच. क्वालिटी सर्वात जास्त जिथे मिळेल तिथे नट आवळा, पण आळीपाळीने, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा. एकच नट आधी घट्ट केला तर डिश तेवढ्यानेही सरकते. मग एलएनबी त्याच्या पकडीत घड्याळाच्या काट्यासारखा थोडाथोडा इकडे-तिकडे फिरवून बघा. बरेच लोक ही पायरी सोडतात, आणि पहिल्याच पावसात चित्र का गेलं म्हणून विचारत फिरतात. स्कॅन केल्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या दिसल्या नाहीत तर शेजारचा उपग्रह लागला आहे, हे ओळखा.

एलएनबीच्या पिनेवर रबरी टोपी सरकवा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. वायर खिडकीतून आत घेण्याआधी खाली एक झोळ सोडा. पावसाचं पाणी त्या झोळाच्या तळाशी ठिबकून जातं, आत घरात येत नाही.

केबल लगेच तोडू नका. एक महिना दोन्ही चालू द्या, सगळ्यांची सवय होते आणि कुरकुर असेल तर तेव्हाच कळते. मग केबलवाल्याला बॉक्स, रिमोट आणि ॲडाप्टर परत देऊन पावती घ्या. डिपॉझिट भरलं असेल तर त्याच वेळी मागा, नंतर कुणाला आठवत नाही.

खासगी वाहिन्यांच्या जागा दरवर्षी १ एप्रिलला बदलतात. फक्त मराठी, शेमारू मराठीबाणा अशा वाहिन्या इथे दिसल्या आहेत, पण कुठली राहील आणि कुठली जाईल ते लिलावावर. एप्रिल उजाडला की बॉक्सवर पुन्हा ऑटो स्कॅन करा, डिशला हात लावावा लागत नाही. स्कॅननंतर नंबर इकडचे तिकडे होतात, म्हणून सासूबाईंच्या सिनेमाच्या वाहिन्यांचे नवे नंबर मी जाड पेनने लिहून रिमोटच्या पाठीवर चिकटवते.