ओएसटी सेंटरवर (ब्राउन शुगरसारख्या व्यसनावर रोज पर्यायी गोळी देतात तिथे) फीडबॅक घ्यायला जाताय? आधी हे उरकून घ्या

सगळ्यात आधी वेळ ठरवा, फॉर्म-बिर्म नंतर. डोसच्या आधी कोणालाच प्रश्न विचारायचे नाहीत. माणूस टर्कीत (नशा न मिळाल्याच्या त्रासात) असतो, अंग मोडून आलेलं, नाक गळतंय, तो 'हो हो' करून सुटका करून घेणार आणि वर त्याला वाटणार की उत्तर चुकलं तर गोळी बंद. डोस घेतल्यावर पण लगेच नको, ब्युप्रेनॉर्फिन (तिथली ती गोळी) जिभेखाली विरघळायला पाच-दहा मिनिटं जातात, तेवढ्यात बोलायला लावलंत तर अर्धी गोळी पोटात, म्हणजे वायाच. ती विरघळू दे, मग चहा, मग गप्पा.

विचारणारा सेंटरचा डॉक्टर, नर्स, काउन्सेलर नको, ज्याच्या हातून रोज गोळी मिळते त्याची तक्रार त्याच्याच तोंडावर कोण करेल? पिअर एज्युकेटर (स्वतः यातून गेलेला कार्यकर्ता) चालेल, पण दुसऱ्या एरियातला. बायका असतील तर वेगळी जागा आणि विचारायला बाईच.

फॉर्मवरून नाव, आधार, फोटो उडवा, रेकॉर्डिंग तर नकोच. अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याच्या (१९८५) कलम २७ प्रमाणे नुसतं सेवन पण गुन्हा आहे, त्यामुळे माल कुठून येतो हा आपला विषयच नाही, कोणी स्वतःहून सांगायला लागला तरी पेन खाली ठेवा.

'सर्व्हिस कशी वाटली?' असं विचाराल तर 'बढिया' ऐकून परत याल. गेल्या आठवड्यात डोस कधी चुकला आणि का ते विचारा, बहुतेकदा सकाळी नाक्यावर काम मिळतं तीच सेंटरची वेळ असते. इंजेक्शनवाल्यांना सुया पुरतात का, पाहिजे त्या साइजच्या मिळतात का, गळू झालं तेव्हा ड्रेसिंगला कुठे गेलास, तिथे कसं वागवलं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये घरी न्यायला गोळ्या मिळाल्या होत्या, तेव्हा बरं पडलं का हेही विचारा, यावर लोक भरभरून बोलतात.

आणि फक्त जे येतात त्यांनाच विचारून थांबू नका हां, ज्यांनी यायचं सोडलं त्यांची लिस्ट आउटरीच वर्करकडून (वस्तीत फिरून लोकांना भेटतो तो) घ्या आणि त्याच्यासोबतच पुलाखाली, ट्रॅककडे जा, खरी माहिती तिकडेच आहे.

भाडं आणि वेळेचे पैसे सुट्टे करून ठेवा. 'रोख दिले की नशा करतील' हे बोलणं मला पटत नाही, बाकी सर्व्हेत लोकांना देतो तसंच यांनाही द्यायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी मिळणार हे आधीच सांगायचं. काय बदललं, काय नाही जमणार, हे परत येऊन सांगायची तारीख पण त्याच दिवशी बोर्डावर लिहून या.