गोव्यात महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी बॅटरी चार्जर: निवड आणि वापर

कोणी बोटीवर, कोणी आखातात नोकरीला. चवथीला नाहीतर नाताळात गावी फेरी होते, मधले सहा-आठ महिने गाडी शेडमध्ये. परत येऊन चावी फिरवली की डॅशबोर्डवर दिवासुद्धा लागत नाही. दोष दरवेळी बॅटरीचा नसतो. कुलूप लावून ठेवलेल्या गाडीतही अलार्म, रिमोटचा रिसिव्हर, घड्याळ, कंट्रोल युनिटची मेमरी हे सगळे मिळून साधारण २० ते ५० मिलीअँपिअर करंट खात असतात. ५० धरले तर दिवसाला १.२ अँपिअर-तास. लहान गाडीची बॅटरी बहुतेकदा ३५ अँपिअर-तासांची असते. पंधरा दिवसांत निम्मी, महिन्याभरात रिकामी. रिकामी बॅटरी तशीच पडून राहिली की प्लेटांवर सल्फेटचा कडक थर धरतो आणि तो नंतर पुरता निघत नाही.

शेजाऱ्याला चावी देऊन 'आठवड्यातून दहा मिनिटं इंजिन चालू कर' असे सांगून जाण्याची पद्धत आहे, ती सोडून द्या. जागेवर चालू ठेवलेल्या इंजिनावर अल्टरनेटर (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर) जेमतेम चार्जिंग देतो, त्यातून मागची तूट भरत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साचते, तेलात ओल जाते. बंद गॅरेजमध्ये तर कार्बन मोनॉक्साईडमुळे माणसाच्या जिवाला धोका.

शेडमध्ये प्लगच नसेल, तर मायनसची केबल काढून ठेवणे हा साधा उपाय. गाडीचा चोरटा खर्च थांबतो, पण बॅटरी आपली आपण उतरत राहते आणि उष्णतेत जास्त वेगाने उतरते. म्हणून महिना-दीड महिन्याने कोणीतरी चार्ज करायला हवीच. बॅटरी डिकीत असेल आणि डिकी विजेच्या बटणावर उघडत असेल, तर केबल काढून डिकी लावण्याआधी ती चावीने उघडते का ते बघा. सोलर पॅनलचा सल्लाही मिळेल. इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये त्याला ऊन मिळत नाही, आणि सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून जोडायचा असेल तर अनेक गाड्यांत इग्निशन बंद होताच ते सॉकेट मेलेले असते.

घेताना काय बघायचे

चार्जरची ताकद ठरवायला बॅटरीच्या अँपिअर-तासांचा दहावा भाग धरा. ३५ ते ५५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला ४ ते ५ अँपिअरचा चार्जर पुरतो. बॅटरी आधीच भरलेली असेल आणि फक्त सांभाळायची असेल, तर १ अँपिअरचाही चालतो. १० अँपिअरचा घेऊन उभ्या गाडीचा काही फायदा नाही.

मग बॅटरीचा प्रकार. लेबल वाचा. साध्या लेड-अ‍ॅसिडला भरताना सुमारे १४.४ व्होल्ट लागतात, एजीएमला (काचेच्या धाग्यांच्या चटईत आम्ल शोषलेली सीलबंद बॅटरी) १४.७ च्या आसपास, त्यामुळे एजीएम बॅटरी असेल तर तसा मोड असलेलाच चार्जर घ्या. स्टार्ट-स्टॉप गाड्यांत (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) ईएफबी, म्हणजे साध्या बॅटरीचाच दणकट प्रकार, किंवा एजीएम असते. लिथियमची १२ व्होल्ट बॅटरी असेल तर लिथियमसाठीचाच चार्जर, दुसरा नको. बॅटरी भरली की चार्जरने आपणहून १३.२ ते १३.६ व्होल्टच्या फ्लोटवर, म्हणजे भरलेली बॅटरी नुसती टिकवणाऱ्या कमी व्होल्टेजवर, उतरले पाहिजे. गॅरेजमधला जुना ट्रान्सफॉर्मरवाला चार्जर हे करत नाही. तो १५-१६ व्होल्टपर्यंत चढत राहतो, पाणी वायू होऊन उडते, प्लेटा उघड्या पडतात. चार तास समोर बसून वापरायला ठीक, महिनाभर जोडून ठेवायला अजिबात नको.

इथवर सगळीकडचेच नियम झाले. गोव्यात निर्णायक गोष्ट वेगळी आहे: वीज गेली आणि परत आली, की हा चार्जर काय करतो? पावसाळ्यात माड किंवा फांदी तारांवर पडते, वीज दिवसातून अनेकदा जाते-येते. काही चार्जर वीज परतल्यावर बटण दाबेपर्यंत गप्प बसून राहतात. जूनच्या पहिल्या वादळात बंद पडला तो चवथीपर्यंत बंदच. काही चार्जर परत सुरू होतात पण एजीएमचा मोड विसरून साध्या मोडवर. काही स्वस्त चार्जर तर वीज नसताना उलटे बॅटरीतूनच करंट ओढतात. खोक्यावर हे सहसा लिहिलेले नसते, म्हणून विकत घेतल्या दिवशीच तपासा.

पहिली परीक्षा सोपी आहे. चार्जर जोडा, मोड निवडा, बॅटरी पूर्ण भरल्याचा दिवा लागू द्या. भिंतीवरचे बटण पाच मिनिटे बंद ठेवून परत चालू करा आणि चार्जरला हात लावू नका. त्याच मोडचा दिवा परत लागला तर पास.

दुसरीला मल्टिमीटर लागेल. आधी भिंतीवरचे बटण बंद करा. लाल क्लिप बॅटरीवरून सुटी करून बॅटरीचा प्लस आणि ती क्लिप यांच्यामध्ये मीटर मिलीअँपिअरच्या रेंजवर लावा. मीटर लावलेला असताना मेन चालू करू नका. चार्जरचा करंट त्यातून गेला की मीटरचा फ्यूज उडतो. ५ मिलीअँपिअरच्या आत आकडा आला तर चिंता नाही. २०-३० दिसले तर तो चार्जर दुकानात परत द्या.

तापमानाप्रमाणे व्होल्टेज बदलणारा चार्जर मिळत असेल तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. उष्णता वाढली की १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशाला साधारण ०.०२ व्होल्ट कमी लागतात. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात ३५ च्या वर तापमान जाते, म्हणजे २५ अंशांच्या हिशेबापेक्षा ०.२ व्होल्ट कमी. दिसायला किरकोळ फरक, पण महिनोन्महिने तो अंगावर बसला की बॅटरीतले पाणी आटते. आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर आयपी ६५ दर्जाचा, म्हणजे धूळ-पाणी आत न शिरणारा सीलबंद चार्जर घ्या. खारी हवा उघड्या सर्किट बोर्डाला दोन पावसाळ्यांत खाते.

जोडताना

गाडी सोडण्याआधी बॅटरी एकदा पूर्ण भरा. किती रिकामी आहे ते गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरने मोजा: १२.६ किंवा जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ निम्मी, १२ च्या खाली जवळजवळ खलास. निम्मी उतरलेली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी ४ अँपिअरच्या चार्जरवर सहा-सात तास घेते, कारण शेवटचा भाग सावकाश भरतो.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ब्रशने घासा, धुऊन कोरडे करा, केबल घट्ट बसवून वर पेट्रोलियम जेली लावा. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी प्लेटांच्या सुमारे १० मिलिमीटर वर हवी. प्लेटा उघड्या असतील तर त्या बुडतील इतकेच पाणी आधी घाला, उरलेले चार्ज झाल्यावर. नाहीतर अ‍ॅसिड वर येऊन सांडते. घालायचे ते डिस्टिल्ड वॉटरच. आरओचे नाही, पागोळीचे तर नाहीच.

मेन बंद. लाल क्लिप प्लसवर. काळी क्लिप इंजिनाच्या किंवा बॉडीच्या रंग नसलेल्या धातूवर, बॅटरीपासून हातभर लांब. मग मेन चालू. काढताना उलट: मेन, काळी, लाल. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि क्लिप लावताना-काढताना ठिणगी उडते, त्या दोघांची भेट होऊ नये एवढ्यासाठी हा क्रम. मायनस टर्मिनलवर बॅटरीचा करंट मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत तर काळी क्लिप बॉडीवरच हवी, नाहीतर सेन्सरचा हिशेब चुकतो. पहिला भरणा होताना बॉनेट उघडे, कव्हर काढलेले आणि शेडला वारा हवा. समई, उदबत्ती, सिगारेट लांब. डोळ्यात अ‍ॅसिड गेले तर १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे जा.

कायमसाठी जोडताना क्लिप नकोत. चार्जरबरोबर येणाऱ्या, फ्यूज असलेल्या रिंगच्या वायरी बॅटरीला (सेन्सरवाल्या गाडीत काळी बॉडीला) बोल्टने बसवा आणि कनेक्टर ग्रिलमधून बाहेर काढा, म्हणजे बॉनेटखाली वायर चेपत नाही. चार्जर बॅटरीवर किंवा जमिनीवर ठेवू नका. चिऱ्याच्या भिंतीला खिळा मारून, पाऊस शिंतडणार नाही अशा उंचीवर टांगा. अर्थिंग असलेला सॉकेट आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागताच वीज तोडणारा स्विच) हवाच. अंगणातून ओढलेला एक्स्टेन्शन बोर्ड पावसात चालणार नाही.

ओलीमुळे हाच आरसीसीबी कधीतरी पडतो आणि घरात कोणी नसल्यावर पडूनच राहतो. म्हणून शेजाऱ्याला चावी नको, एवढेच सांगा: आठवड्यातून एकदा चार्जरचा हिरवा दिवा बघ, नसेल तर फोन कर. एप्रिल-मे आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात प्लग काढून ठेवायला सांगितलेत तर चांगलेच, फक्त परत लावायचीही आठवण द्या. उंदीर रिंगच्या वायरी कुरतडतात. फ्यूज बॅटरीपासून चार बोटांवर असला तर आग टळते.

चार्जर सुरूच होत नसेल तर बहुधा बॅटरी त्याच्या किमान व्होल्टेजच्या खाली गेली आहे. बॅटरी काढून गॅरेजमध्ये नेऊन उठवावी लागेल. 'रिपेअर' मोड १५.८ व्होल्ट किंवा जास्त देतो, तो बॅटरी गाडीतून काढल्याशिवाय लावू नका, एजीएमला आणि लिथियमला तर मुळीच नको. रात्रभर चार्ज करून, चार्जर काढून बारा तासांनी मोजल्यावर आकडा १०.५ च्या आसपास अडकला असेल तर एक सेल मेला. १२.४ वर चढतच नसेल तर बॅटरी थकली आहे. दोन्ही वेळी जुनी बॅटरी दुकानात देऊन तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वळती करून घ्या.